चिंचांखालचं लॉन्स: वैशाखात बिनधास्त घ्या, श्रावण-भादव्यात दहादा विचार करा

लग्नसराई संपली, पहिला पाऊस पडला की मला ठरलेले फोन सुरू होतात. "दादा, कालव्यावरचं ते चिंचांचं लॉन्स कसंय? सुनेचं डोहाळजेवण करायचंय." "भाऊ, पोराचा पहिला वाढदिवस आहे, तिथं डीजे चालतो का?" दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. इथून पुढं विचारणाऱ्याला हेच पाठवीन.

मी मंडप, लाइट आणि साउंडवाला. अंबडकडचा. धंद्यात १९ वर्षं झाली. या लॉन्सवर पाहुणा म्हणून जेवायला दोनदाच बसलो असेन. बाकी तीस-पस्तीस वेळा गेलो तो मागच्या फाटकातून, टेम्पो रिव्हर्स घेत. त्यामुळं फोटोत येत नाही ते सगळं मला माहीत आहे. लॉन्सचं नाव लिहीत नाही. मालकाशी रोजचा रामराम आहे आणि मला अजून धंदा करायचाय. या भागातल्या माणसाला अकरा चिंचा म्हणलं की पुढचं सांगावं लागत नाही.

आधी हिशेबाचं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला लागून दोन एकर जागा, चहूकडं ऊस आणि मोसंबी. स्टेजसमोर सहाशे खुर्च्या आरामात बसतात, दाटीवाटीनं आठशे. नवरीच्या खोलीला एसी आहे आणि तो चालतो, ही मोठी गोष्ट आहे. नवरदेवाच्या खोलीतला पंखा मात्र तीन वर्षांपासून दुरुस्तीला निघालेला आहे. सीझनला पंचावन्न हजार, पावसाळ्यात वीस. आचारी तुमचा चालतो, पण त्यांचाच घ्या. त्याच्या हाताची वांग्याची भाजी आणि बुंदी खाऊन पंगत दोनदा बसलेली मी पाहिली आहे. मठ्ठा पातळ असतो, ते आधीच सांगून ठेवा. जनरेटर पंचवीस केव्हीएचा आहे म्हणतात. माझा लोड टाकला की धापा टाकतो. मोठा प्रोग्राम असेल तर आपला वेगळा आणावा.

आता चिंचा.

अकरा झाडं आहेत, मालकाच्या आज्याच्या आधीची. वैशाखात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन असलं तरी त्यांच्या सावलीत बसलं की माणूस मुक्कामाची भाषा करतो. मंडपाचं अर्धं कापड वाचतं. उन्हाळ्यातल्या लग्नाला पंचक्रोशीत यासारखी जागा नाही. पाचपैकी पाच.

पण अकरापैकी स्टेजच्या बाजूची चार झाडं दरवर्षी जूनपासून दुसऱ्यांनी बुक केलेली असतात, आणि त्यांचं बुकिंग मालकाच्या वहीत नसतं.

पहिला दमदार पाऊस झाला की बगळे यायला लागतात. गायबगळे सगळ्यांत जास्त. ट्रॅक्टरमागं, म्हशींमागं चालणारे तेच. एरवी पांढरेफेक, पण विणीला आले की डोकं, मान आणि पाठ केशरी-पिवळी होते. हळद लावून बसवल्यासारखे दिसतात. मी लग्नातला माणूस, मला दुसरी उपमा सुचत नाही. त्यांच्यासोबत छोटे बगळे असतात, ढोकरी असते, विहिरीवरच्या झाडावर पाणकावळे आणि मधल्या दाट फांद्यांत रातबगळे. सगळ्यांची मिळून एक वाडीच म्हणा. नर काटक्या आणतो, मादी रचते, शेजारीण चोरते. जूनअखेर ते ऑगस्ट अंडी आणि पिल्लं, आणि शेवटची पोरं दसऱ्याच्या आसपास उडून जातात. गायबगळ्याची अंडी तीन-चार, फिकट निळसर पांढरी. साधारण तेवीस-चोवीस दिवस उबवण, मग महिनाभर खाऊ घालणं. म्हणजे एका जोडप्याला जवळजवळ दोन महिने जागा लागते. मालकाचा दर लावला तर बारा लाखांचं बिल होईल, असं मी एकदा म्हणलं होतं. त्याला हसू आलं नाही.

त्याची बाजूही सांगतो. नुसतं पक्षी-पक्षी करणाऱ्याला त्या झाडाखाली श्रावणात अर्धा तास उभं करावं. शिट पडते ती थेंबानं नाही, पळीनं. माशाचा, बेडकाचा, कुजक्या घरट्याचा मिळून एक वास असतो, तो जेवणावळीत कुणाला चालेल? एकदा वरमाईच्या पैठणीवर पडली आणि अर्धं भाडं मालकाला सोडावं लागलं. "पाहुण्यानं लग्नाला छत्री घेऊन यायचं का?" हा त्याचा सवाल काही खोटा नाही. झाडाखालची ती पांढरी माती शेजारचा मोसंबीवाला दर दिवाळीला ट्रॉली भरून नेतो, फुकट. त्याचेही पैसे मालकानं कधी लावले नाहीत.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला बसलो ते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिथं एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. साउंड माझा. चार डबल अठराचे बेस (दणका देणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या पेट्या), वर टॉप (गाण्या-बोलण्याचे स्पीकर), दोन्ही बाजूंना ट्रस (लोखंडी सांगाडे), शार्पी (फिरते झोतदिवे), सगळं. जागा कमी होती म्हणून बेस चारही स्टेजच्या डाव्या अंगाला लावले, तोंड सरळ पहिल्या चिंचेकडं. मी तेव्हा झाडाकडं पाहिलंच नव्हतं, वायरकडं पाहत होतो.

संध्याकाळी साडेपाचला साउंड चेक. बगळे रानातून घरी यायची हीच वेळ. ऑपरेटरनं पहिला किक, म्हणजे बेसवरचा ढोलासारखा ठोका, सोडला, धप्प. आणि चारही झाडं एकदम उठली. खळ्यावर ज्वारी उफणताना वाऱ्यानं भुसा उडावा तसे शेकडो पांढरे पक्षी वर, आणि त्यांचा तो घशातला 'कर्र-कर्र'. पोरं टाळ्या वाजवायला लागली. एकानं व्हिडिओ काढला, स्टेटसला ठेवला. दोन-तीन घिरट्या घालून पक्षी परत बसले. दुसरा किक, परत उठले, पण कमी. पाचव्या-सहाव्या किकला थोडेच उडाले. बाकीचे माना काठीसारख्या ताठ करून बसून राहिले. मी ऑपरेटरला म्हणलं, "बघ, सवय झाली त्यांना." माझ्या आयुष्यातल्या मूर्ख वाक्यांची यादी केली तर हे वर येईल.

गाणी सुरू झाली तेव्हा खरंच विशेष काही झालं नाही. नऊ वाजता केक. तेवढ्यात कार्यकर्त्यांनी चिंचेच्या बुंध्यापाशीच सुतळी बॉम्बची माळ लावली आणि वर आकाशात फुटणारे शॉट. आमचे कागदाचे तुकडे उडवणारे पेपर ब्लास्टर वेगळेच. अंधारात झाड फाटल्यासारखा आवाज झाला. दिवसा उडाले होते तसे पक्षी या वेळी गोल फिरून बसले नाहीत. शार्पीच्या उजेडात नुसते इकडून तिकडं जाताना दिसत होते. दोन तर विजेच्या तारेवर आदळून खाली आले. आणि पावसाचे थेंब पडावेत तसं खाली टप, टप. मला वाटलं चिंचा पडतायत. श्रावणात कुठल्या आल्या चिंचा!

पहाटे सहाला माल भरायला गेलो. बेसवर आम्ही पावसासाठी जाड कापडाचं कव्हर टाकतो. त्यावर दोन अंडी फुटलेली, पिवळ्यात लाल धागा दिसत होता. झाडाखाली पिल्लं. मी मोजली, एकवीस. बहुतेक गेलेली. एक जिवंत होतं ते ॲम्पच्या पेटीच्या आडोशाला जाऊन बसलं होतं. अंगभर उभे राहिलेले विरळ पांढरे केस, हिरवट लांब पाय, पोट एवढंसं आणि चोच त्याच्या मानानं भलतीच मोठी. हात लावायला गेलो तर त्यानं माझ्या बोटावर चोच मारली आणि मग मान पुढं करून ओकलं. अर्धवट पचलेले तीन-चार नाकतोडे आणि बेडकाचा पाय. आपण घाबरलो की पोटात गोळा येतो, यांना सगळं जेवणच बाहेर येतं. आदल्या संध्याकाळी आईबापानं कुठून-कुठून वेचून आणलेलं ते जेवण होतं.

तिथले राखणदार मामा सत्तरीचे आहेत. त्यांनी टोपलीत चिंध्या टाकून ते पिल्लू खालच्या फांदीवर बांधलं. म्हणलं, "मामा, याची माय येईल ना?" म्हणाले, "वर घरट्यात असलं तर घालती. खाली पडलं की त्येचं कोनी नसतंय, दादा." आणि वर बोट दाखवलं. कावळ्यांची पंगत बसली होती. रात्रभर ज्या घरट्यांवर कुणी परत आलं नव्हतं तिथं कावळे एकेक करून जात होते, घाई नाही, गडबड नाही. आपण वाढपी आणि ते पाहुणे.

त्या पिल्लाचं पुढं काय झालं ते मामांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

माझा भाचा छत्रपती संभाजीनगरला प्राणिशास्त्र शिकतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो चिडला नाही, त्यानं मला समजावून सांगितलं, आणि ते जास्त लागलं. तो म्हणाला, मामा, उडालेले परत बसले म्हणजे सवय झाली असं नसतं. अंडी असतात म्हणून परत बसतात. वीण सुरू व्हायच्या वेळी, काड्या आणण्याच्या नि अंडी घालण्याच्या दिवसांत त्रास झाला तर जागा सोडून निघून जाणं त्यांना परवडतं. रातबगळ्यांवर कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झालेला एक अभ्यास १९७९ साली छापून आला. त्यात हेच दिसलं होतं. अंडी घालण्याआधी किंवा घालताना माणसं वसाहतीत फिरली तर नवी घरटी टाकून दिली जातात, अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि उशिरा येणारे पक्षी तिथं बसतच नाहीत. पिल्लं मोठी झाल्यावर आईबाप तसे चिवट असतात. पण तेव्हा पिल्लं स्वतःच घरट्याबाहेर फांद्यांवर चढायला लागलेली असतात. दोन-तीन आठवड्यांचं पोरगं, पायाचा अंदाज नाही, वरून धडाका झाला की चालायला बघतं आणि सुटतं. म्हणजे आपल्या लॉन्सवर आषाढातला त्रास वेगळा आणि श्रावण-भादव्यातला वेगळा. सुरक्षित महिना यात एकही नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं मोजायला लागलो. टेप लावला, बेसच्या तोंडापासून पहिल्या चिंचेचा बुंधा २२ मीटर. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९९५ साली अभ्यास करून बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीपासून माणसानं साधारण १०० मीटर लांब राहावं असं सुचवलं होतं, सुरय (पाण्याकाठी उघड्या वाळूवर अंडी घालणारे पक्षी) यांच्या वसाहतीपासून १८० मीटर. शंभर मीटर धरले तर आपलं स्टेज, जेवणाचा मांडव आणि पार्किंग सगळंच त्यात येतं. पण हे आहे तसं इथं लावता येणार नाही, हेही खरं. आपल्या बगळ्यांनी माणसांच्या डोक्यावरच घर केलंय. कुत्री, पोरं, रस्त्यानं जाणारी एसटी यांना ते बिचकत नाहीत.

आवाजाचं गणित मात्र माझ्या धंद्याचं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. एक मीटरवर १२० धरले तर २२ मीटरवर साधारण ९३ उरतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर सुरय पक्ष्यांच्या वसाहतीला विमानाचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवून बघितला होता, ६५ ते ९५ डेसिबलपर्यंत. तो अभ्यास १९९० चा. कमी आवाजालासुद्धा पक्षी माना वर करून इकडंतिकडं बघायचे. ८५ च्या वर गेल्यावर दचकणं, उडणं सुरू झालं. भाच्यानं हे सांगितलं आणि मला साउंड चेकचे ते ताठ मानेचे बगळे आठवले. मी त्याला सवय म्हणत होतो.

पण नुसता आकडा धरून बसू नका. या लॉन्सच्या कुंपणाला लागून पिठाची गिरणी आहे. सकाळी नऊला सुरू, एकला बंद. तिच्या पत्र्यावर आलेल्या फांदीत सहा घरटी आहेत आणि गिरणी चालू असताना बगळी डोळे मिटून बसलेली असते. रोज, ठरल्या वेळी, एका सुरात चाललेला आवाज त्यांना पचतो. पचत नाही तो शांततेतून एकदम फुटणारा आवाज: सुतळी बॉम्ब, किक, ब्लास्टर. आणि आवाजापेक्षाही जास्त पचत नाही झाडाखाली येऊन वर बघणारा माणूस. गलोलवाली पोरं त्यांनी पाहिलेली आहेत. तुम्ही पाचशे माणसं जेवायला बसवा, पक्षी बसून राहतील. एक जण शिडी घेऊन बुंध्याशी लाइटची माळ गुंडाळायला गेला की अख्खं झाड उठतं. लाइटिंगवाला मीच, म्हणून सांगतो.

फोटोग्राफर मंडळींचं वेगळंच. या लॉन्सचा प्री-वेडिंगचा पॅकेज दर सात हजार आहे. फ्लेक्सवर 'पक्ष्यांच्या सान्निध्यात' असं लिहिलंय आणि चित्र छापलंय परदेशी हंसांचं. जोडपं झाडासमोर उभं करतात, एक पोऱ्या मागं जाऊन पत्र्याचा डबा बडवतो, बगळे उडाले की क्लिक. नीट नाही आलं, परत. मी एका सकाळी पाच रिटेक मोजले. ड्रोन तर शेंड्याला चाटून नेतात. पक्ष्याच्या डोळ्याला वरून येणारी ती वस्तू म्हणजे घारच. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बोल्सा चिकाला २०२१ मध्ये एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या विणीच्या बेटावर पडला. हजारो पक्षी उठले ते परत आलेच नाहीत, सुमारे दीड हजार अंडी तशीच पडून राहिली. एक ड्रोन, तोही चुकून पडलेला. आपल्याकडं मुद्दाम नेतात. या पॅकेजला माझ्याकडून शून्य.

उघड्यावर अंडी घालणाऱ्यांचं तर आणखी अवघड. भाच्यासोबत मी एकदा मे महिन्यात पैठणला नाथसागरावर गेलो होतो. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. पाणी उतरलं की मातीची-वाळूची बेटं उघडी पडतात, त्यावर सुरय, टिटव्या घरटी करतात. घरटं कसलं, नुसती खळगी. आई उबवायला नाही, सावली धरायला बसते. पोट भिजवून आणते आणि अंड्यावर बसते. आमची होडी जवळ गेली तशी सगळी डोक्यावर किंचाळायला लागली. भाच्यानं लगेच नाव वळवायला लावली. म्हणाला, मामा, या उन्हात ती दहा मिनिटं उठली तर अंडं उकडून निघेल. परतताना सेल्फीवाल्यांची एक होडी त्याच बेटाला लागताना दिसली. आम्ही ओरडलो. त्यांनी हात हलवून टाटा केला.

तर, लॉन्स. त्या वाढदिवसानंतर मालकाशी बसून बोललो. पहिल्यांदा त्यानं मलाच सुनावलं, "बेस तुझे होते का माझे?" बरोबर होतं. मग म्हणाला की पुढच्या जूनमध्ये ते यायच्या आधीच माणूस लावून बांबूनं घरटी पाडतो, म्हणजे कटकटच नको, नाहीतर पार्किंगच्या बाजूच्या दोन फांद्या ऑगस्टात उतरवतो. म्हणलं, आधी ऐका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत धरलंय. केरळात मलप्पुरमला २०२२ मध्ये हायवेच्या रुंदीकरणात घरट्यांसकट झाड पाडलं, पिल्लं मेली, गुन्हा दाखल झाला. हे त्याला पटलं. तमिळनाडूत वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याच्या आजूबाजूच्या गावांत पक्ष्यांसाठी दिवाळीला फटाके वाजवत नाहीत, हेही सांगितलं. ते पटलं नाही. "तिथल्या लोकांना वाढदिवस नसतेत का?"

पण माणूस अगदीच वाईट नाही. गेल्या वर्षीपासून पावसाळ्यातलं स्टेज त्यानं कालव्याच्या बाजूला हलवलं. आता पहिली चिंच ७५ मीटरवर येते आणि बेसची तोंडं उसाकडं. चार झाडांखाली दोरी बांधली, पार्किंग तिकडून काढलं, म्हणजे गाड्यांवरची शिटही गेली आणि भांडणंही. जेवणाच्या मांडवाला वरून जाड कापड. एवढं बदललं त्याला चार स्टार देतो. फटाक्यांवर मात्र त्याचा पाय घसरतोच. गेल्या दहीहंडीला 'फक्त एकच माळ' म्हणून परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी मामांनी फोन करून नुसतं एवढंच सांगितलं, "सहा." त्याचा एक स्टार कापला, आणि फ्लेक्सवरच्या हंसांचा अर्धा.

रात्री दहाला साउंड बंद, हा सरकारी नियम तिथं पाळतात. पण तो माणसांच्या झोपेचा आहे. गायबगळा दिवेलागणीलाच झोपतो, आणि रातबगळा तेव्हा कामाला निघतो. प्रोग्राम दुपारी घ्या, सर्वांत बरं.

माझाही नियम झालाय. १५ जून ते दसरा या लॉन्सवर मी बेस लावत नाही. दोन टॉप आणि कॉर्डलेस माईक, बस. सुरुवात एकदम करत नाही. गिरणीवरून शिकलो. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) अगदी खालून, दहा मिनिटांत हळूहळू वर. माना दोन-तीन मिनिटं ताठ होतात, मग खाली जातात. किक मारून चेक करायचं ते दुपारी गोडाऊनमध्येच करून येतो. या नियमापायी गेल्या वर्षी दोन ऑर्डर गेल्या. त्यातली एक ज्यानं घेतली त्यानं आठ बेस लावले. बायको म्हणाली, "तुम्ही नाही लावले तर दुसरा लावतोच की." खरंय. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

बुकिंगला जाणाऱ्यांनी एवढं करा. मोठं लग्न, बँड, डीजे, फटाके हवेत तर फेब्रुवारी ते मे घ्या, झाडं रिकामी असतात. पावसाळ्यात घ्यायचंच तर छोटा कार्यक्रम, कालव्याकडचं स्टेज, आणि फटाके नाहीत हे करारावर लिहून घ्या. तोंडी नको, मालकाला कार्यकर्त्यांना नाही म्हणता येत नाही. कागद असला की त्यालाही बरं पडतं. फोटोग्राफरला ड्रोन आणि डबा दोन्ही गाडीतच ठेवायला सांगा. मामांना शंभर रुपये द्या. ते दोरीच्या आत पोरांना जाऊ देत नाहीत.

यंदा श्रावणात एक डोहाळजेवण केलं तिथं. सनईची रेकॉर्ड, दोन टॉप, दीडशे बायका. झोपाळ्याला आमच्या पोरांनी वाळक्या काटक्यांची कमान केली होती, वर झेंडू. ओटी भरणं चालू असताना एक केशरी मानेचा बगळा सरळ कमानीवर येऊन उतरला. झेंडूकडं पाहिलंसुद्धा नाही. दोन काटक्या हलवून बघितल्या, तिसरी ओढून काढली आणि विहिरीवरच्या चिंचेवर घेऊन गेला. परत आला. कार्यक्रम संपेपर्यंत कमान डावीकडून विरळ झाली होती. यजमानीणबाईंनी डेकोरेशनच्या बिलातून दोनशे रुपये कमी करून मागितले. दिले.